बंदुकीचा सुटा भाग सीमेपार आणायचा-न्यायचा तर आधी कुठला कागद, मग कुठला

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याचे, ५० मीटर रायफलचे नेमबाज. .२२ ची जर्मन मॅच रायफल त्यांच्या शस्त्र परवान्यावर नोंदलेली आहे. न्यू जर्सीला राहणारे मावसभाऊ डिसेंबरात पुण्याला येणार आहेत. त्यांच्या बॅगेतून एक ट्रिगर, एक जादा बॅरल, मागची डायऑप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची), बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), बॅरल तपासायला एक स्कोप आणि .२२ ची ५०० काडतुसे मागवायची आहेत. हे बॅगेत चालेल की कुरिअरने मागवावे, हा पहिला भाग. दुसरा, उन्हाळ्यात म्युनिकजवळ स्पर्धा आहे, तिथे रायफल न्यायची रीत कोणती? तिसरा, त्यांच्या ओळखीच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीला अमेरिकेतून रायफलच्या रिसीव्हर (बॅरल आणि यंत्रणा ज्यात बसते तो मुख्य सांगाडा) कास्टिंगची चौकशी आली आहे, ती घ्यावी का?

पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण तिकीट काढून झाले असेल तर वेळ कमी आहे. ट्रिगर, बॅरल, स्कोप आणि काडतुसे मावसभावांच्या बॅगेत टाकू नका. कुरिअरनेही मागवू नका. साइट आणि बट प्लेट अमेरिकेच्या बाजूने हलक्या गटात मोडतात, पण भारताच्या बाजूने त्यांचाही प्रश्न सुटत नाही. सगळ्यात मोठा धोका तुमच्यापेक्षा तुमच्या भावांना आहे. निर्यातदार ते ठरतात. 'भावाला भेट नेली' या उत्तराला तिथल्या कायद्यात जागा नाही.

यातली अडचण बहुतेकांना कळत नाही, कारण आपण वस्तूकडे 'स्पेअर' म्हणून पाहतो. कायदा तसा पाहत नाही. आपल्या शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'फायरआर्म्स'ची व्याख्या आहे, तिच्यातच बंदुकीचे भाग आणि बंदूक बनवण्याची यंत्रसामग्री येते. गोळीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारे उपकरणही त्याच व्याख्येत आहे. 'अम्युनिशन'च्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात. म्हणजे बंदुकीचा सुटा बोल्ट (बॅरल मागून बंद करणारा सरकता भाग) आणणे हे कायद्याच्या नजरेत शस्त्र आणणेच आहे. भाग किती लहान, किती स्वस्त, याने फरक पडत नाही.

त्याच अधिनियमाचे कलम १० सांगते की शस्त्र किंवा दारूगोळा भारतात आणायला किंवा भारताबाहेर न्यायला परवाना हवा. त्याला एक सवलत आहे आणि सगळा गोंधळ तिच्यामुळे होतो. ज्याच्याकडे ते शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, तो स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात ते वेगळ्या परवान्याशिवाय आणू-नेऊ शकतो. 'वाजवी' किती, याबद्दल शंका आली तर कस्टम्सचा अधिकारी केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत माल अडवून ठेवू शकतो. आता तुमची परिस्थिती या वाक्यावर ठेवून पाहा. परवाना तुमच्या नावावर, बॅग भावांच्या नावावर. सवलत परवानाधारकाची आहे, त्याच्या नातेवाइकाची नाही. दुसरी सवलत परदेशी पर्यटकाची. तो फक्त स्वतःच्या खेळासाठी शस्त्र आणू शकतो, इथे कुणाच्या हाती द्यायला नाही.

अमेरिकेची बाजू जरा बारकाईने पाहायला हवी. मार्च २०२० पर्यंत तिथल्या बहुतेक बंदुका परराष्ट्र खात्याच्या युद्धसामग्रीच्या यादीत होत्या. ९ मार्च २०२० पासून .५० कॅलिबरपर्यंतच्या, पूर्ण स्वयंचलित नसलेल्या बंदुका वाणिज्य खात्याच्या यादीत आल्या. त्यांचा वर्गक्रमांक ०ए५०१. सायलेन्सर आणि पूर्ण स्वयंचलित शस्त्रे परराष्ट्र खात्याकडेच राहिली. खाते बदलले तेव्हा पुष्कळांनी 'आता निर्यात मोकळी झाली' असा अर्थ लावला. परवाना देणारे खाते बदलले, एवढाच त्याचा अर्थ होता.

तुमची यादी या वर्गवारीत बसवली की चित्र स्पष्ट होते. ०ए५०१ च्या 'सी' परिच्छेदात नावे घेऊन भाग लिहिले आहेत: बॅरल, बोल्ट, बोल्ट कॅरियर, ट्रिगर, ट्रिगर हाउसिंग, हॅमर, सिअर, डिस्कनेक्टर. तुमच्या यादीतल्या दोन वस्तू इथेच अडकल्या. फायरिंग पिनचे नाव तिथे नाही, म्हणून ती सुटते असे समजू नका. ती 'एक्स' परिच्छेदात जाते. खास बंदुकीसाठी घडवलेले, पण कुठेही नाव नसलेले भाग तिथे जमा होतात. डायऑप्टर साइट, बट प्लेट, स्लिंगची कडी, स्कोपचे माउंट आणि फायरिंगची यंत्रणा नसलेला दस्ता हे 'वाय' परिच्छेदात, त्यांच्यावरचे नियंत्रण बरेच सौम्य आहे. साधी स्प्रिंग, स्क्रू, वॉशर हे बंदुकीत बसत असले तरी 'खास घडवलेले' या व्याख्येतून बाहेर काढलेले आहेत. रिसीव्हर आणि पूर्ण ब्रीच यंत्रणा 'ई' मध्ये. १६ पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन 'डी' मध्ये. काडतुसे ०ए५०५, शस्त्रावर बसवायचा स्कोप ०ए५०४.

स्प्रिंगबद्दल एवढे सविस्तर का, तर अमेरिकेने ती सोडली म्हणून भारतात ती आपोआप मोकळी होत नाही. आपल्या व्याख्येत 'भाग' हा एकच शब्द आहे, त्याखाली अशी सुटसुटीत विभागणी नाही. उलट ट्रिगर पाहा. युरोपीय नियमात 'भाग' सांगताना बॅरल, फ्रेम किंवा रिसीव्हर, स्लाइड, सिलिंडर, बोल्ट किंवा ब्रीच ब्लॉक आणि आवाज कमी करणारे उपकरण यांची नावे येतात, ट्रिगरचे नाव येत नाही. जर्मनीची राष्ट्रीय निर्यात यादी मात्र वेगळी पाहावी लागते. एकच ट्रिगर तीन ठिकाणी तीन पातळ्यांवर. म्हणून 'हा भाग चालतो का' या प्रश्नाला 'कुठून कुठे' हे सांगितल्याशिवाय उत्तर नसते.

भावांना आणखी एक गोष्ट कुणीतरी सांगेल: अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक बॅगेतून ३ बंदुका आणि १,००० काडतुसे नेऊ शकतो. ही सूट खरी आहे. पण ती स्वतःच्या वापरासाठी आहे, आणि विक्री किंवा ताबा दुसऱ्याला देणे त्यात बसत नाही. तुम्हाला देण्यासाठी नेलेला भाग या सुटीच्या बाहेर पडला. भारताला २०१८ साली अमेरिकेने ज्या वरच्या देशगटात घेतले, त्याचाही दाखला दिला जातो. त्या गटाला मिळणारी मुख्य परवानासूट ०ए५०१ च्या बॅरल, ट्रिगरसारख्या वस्तूंना लागूच होत नाही. अमेरिकेच्या निर्यात नियंत्रण कायद्यात हेतुपुरस्सर उल्लंघनाला प्रत्येक गुन्ह्यामागे २० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड आहे. हा आकडा पाहून भावांना आग्रह करायचा की नाही ते ठरवा.

स्कोपबद्दल वेगळे लिहितो, कारण लोक सर्वांत सहज उचलतात ती हीच वस्तू. कॅमेऱ्याच्या दुकानासारख्या काउंटरवर मिळते, वर बंदुकीसारखे काही दिसत नाही. ५० मीटरच्या स्पर्धेत रायफलवर दुर्बीण चालत नाही, म्हणजे तुम्हाला ती रेस्टवरून बॅरल आणि काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) तपासायलाच हवी आहे. कस्टम्सच्या टेबलावर दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर फरक असा दिसतो. तिवईवर लावायच्या स्पॉटिंग स्कोपला खाली स्क्रूची एक चकती असते, आत बहुधा काहीच रेखलेले नसते. ती साधी दुर्बीण, कस्टम्सच्या वर्गीकरणात शीर्षक ९००५. रायफलस्कोपला गुळगुळीत २५.४ किंवा ३० मिलिमीटरची नळी असते, मधोमध उभ्या-आडव्या समायोजनाचे दोन टरेट असतात, डोळा लावला की रेटिकल, म्हणजे नेमाची खूण, दिसते. ती शस्त्रावर बसवायची दुर्बीण, शीर्षक ९०१३. हीच दुर्बीण रायफलवर बसवलेली किंवा तिच्या बरोबर सादर केली तर प्रकरण ९० मधून निघून प्रकरण ९३ मध्ये येते. ज्यांना लक्ष्य नुसते पाहायचे आहे त्यांनी स्पॉटिंग स्कोप घ्यावा, निम्मी कटकट संपते. शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार व्यवस्थेच्या युद्धसामग्री यादीत इलेक्ट्रॉनिक प्रतिमाप्रक्रिया नसलेले, ९ पटीपर्यंतचे, लष्करी रचनेचे नसलेले स्कोप वगळले आहेत. हे वगळणे त्या यादीपुरते आहे, प्रत्येक देशाच्या कायद्यापुरते नाही. नाइट व्हिजन आणि थर्मलचा तर विचारही मनात आणू नका. त्या तंत्रज्ञानाच्या बेकायदा निर्यातीपायी २००७ मध्ये अमेरिकेच्या आयटीटी या बड्या कंपनीने गुन्हा कबूल करून १० कोटी डॉलर भरले आहेत.

मग भाऊ काय आणू शकतात? नेमबाजीचे जाकीट, पँट, बूट, हातमोजा, स्लिंगचा पट्टा, नीलिंग रोल, ब्लाइंडर, नेमबाजीचा चष्मा, कानाचे मफ. यातली कुठलीही वस्तू शस्त्राचा भाग नाही. किंमत बॅगेजच्या मोफत मर्यादेवर गेली तर शुल्क भरायचे, बिल बरोबर ठेवायचे. स्लिंग आणायची तर पट्टा तेवढा आणावा. रायफलच्या रेलवर बसणारा हँडस्टॉप सोडून द्यावा, नाहीतर एका वस्तूमुळे सगळी बॅग उघडी पडते.

आता बॅरल आणि ट्रिगर खरोखर हवे आहेत, तर रस्ता कोणता? रायफल जर्मन आहे, तर माल जर्मनीतूनच मागवा. अमेरिकेत गेलेला जर्मन भाग तिथून पुन्हा निर्यात करणे म्हणजे विनाकारण एका जादा देशाचा कायदा अंगावर घेणे.

क्रम महत्त्वाचा आहे आणि तो उलटा चालत नाही: आधी आयातीची परवानगी, मग निर्यातीचा परवाना, मग वाहतूक. युरोपीय संघाचा नियम २५८/२०१२ स्पष्ट सांगतो की निर्यात परवाना देण्याआधी आयात करणाऱ्या देशाने आयातीला मान्यता दिली आहे आणि वाटेतल्या देशाचा आक्षेप नाही, हे तपासले पाहिजे. वाटेतल्या देशाला लेखी विचारल्यावर २० कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर आक्षेप नाही असे धरतात. सगळी कागदपत्रे पुरी झाल्यावर परवान्याला ६० कामाच्या दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, सबळ कारण असेल तर ९०. म्हणजे जानेवारीत पैसे पाठवून मार्चच्या स्पर्धेला नवी बॅरल हे गणित कागदावरच बसत नाही. संघाचा नवा नियम २०२५/४१ मंजूर झाला आहे, पण त्याची मुख्य अंमलबजावणी फेब्रुवारी २०२९ पासून आहे. आज विक्रेता तुम्हाला जुन्याच नियमाखाली कागद मागेल.

विक्रेत्याकडून आधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचे कच्चे बिल) घ्या, पैसे नंतर. त्यावर प्रत्येक ओळीत एकच वस्तू हवी: कंपनीचा पार्ट नंबर, कॅलिबर, नग, आणि ज्या रायफलसाठी आहे तिचे मॉडेल व सीरियल नंबर. '१ सेट' असे लिहून घेऊ नका. परवानगीत 'सेट' आणि खोक्यात चार नग निघाले की माल तिथेच थांबतो. शीर्षके वेगळी ठेवा. पिस्तुलाचे भाग ९३०५१०, क्रीडा रायफल-शॉटगनचे भाग ९३०५२०, पेलेट ९३०६२९. बॅरल आणि रिसीव्हर जोडलेल्या अवस्थेत, म्हणजे 'बॅरल्ड ॲक्शन' म्हणून, मागवू नका. दोन भाग जोडले की कस्टम्सला ती बंदूकच दिसते आणि बंदूक म्हणजे परवान्यावरचे आणखी एक शस्त्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाची मर्यादा २ वर आली आहे. नेमबाजांना जादा सवलत आहे, पण ती तुमच्या दर्जाप्रमाणे, अधिसूचनेत लिहिल्याप्रमाणेच.

प्रोफॉर्मा हातात आला की राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय रायफल संघटनेची शिफारस, मग शस्त्र कायद्याखालची आयात परवानगी आणि विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात अधिकारपत्राचा अर्ज. प्रकरण ९३ मधला माल आयात धोरणात मुक्त नाही, हे कायम लक्षात असू द्या. शस्त्र परवान्यावरचे नाव, पासपोर्टवरचे नाव, शिफारसपत्रावरचे नाव आणि इन्व्हॉइसवरचे नाव अक्षर न अक्षर सारखे हवे. वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून अर्ज परत येतात. परवान्यावरचा यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख नंबर, अर्जात घाला. परवान्याची मुदत माल उतरेल त्या दिवसापर्यंत शिल्लक आहे ना, हे आधी पाहा. नूतनीकरण जवळ आले असेल तर आधी ते करून घ्या, मग आयातीचा अर्ज.

परवानगीची प्रत विक्रेत्याकडे गेली की तो जर्मनीच्या बाफा या निर्यात नियंत्रण कार्यालयाकडे अर्ज करेल. तुमच्याकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र मागेल. त्यात 'क्रीडा नेमबाजी, स्वतःच्या वापरासाठी, पुनर्निर्यात नाही' हे स्पष्ट लिहा. मार्च २०२४ पासून आणखी एक कलम करारात दिसेल: हा माल रशियाकडे पाठवणार नाही. युरोपीय विक्रेत्याला बंदुका, भाग आणि काडतुसांसाठी ते घालणे बंधनकारक आहे, आणि भारत त्यातून सूट असलेल्या देशांत नाही. ते वाचून पुष्कळांना आपल्यावर संशय घेतल्यासारखे वाटते. तसे काही नाही, सही करून पाठवा. सही अडली तर फाइल अडते.

वाहतूक नेहमीच्या घरपोच कुरिअरने होत नाही. शस्त्रांचा माल घेणारा फॉरवर्डर आणि मुंबईच्या सहार एअर कार्गोवर असे काम केलेला कस्टम्स ब्रोकर शोधा. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सच्या आयात घोषणापत्रात, वर्णन परवानगीतल्या शब्दांतच करायला सांगा. इथे काही जण 'स्टील ट्यूब' किंवा 'मशीन पार्ट' असे लिहायचा सल्ला देतात. एक्स-रेमध्ये एका टोकाला चेंबर असलेली ६५-७० सेंटिमीटरची नळी कुणालाही ओळखू येते. खरे लिहून कागद कमी पडला तर माल अडकतो आणि पुढे निदान खुलासा करता येतो. खोटे लिहिले की सीमाशुल्क अधिनियमाखाली जप्ती आणि दंड आहेच, वर शस्त्र अधिनियमाचा गुन्हा उभा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीने अवैध तस्करीसाठी किमान १० वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आणली आहे. तुमचा परवानाही रद्द होऊ शकतो.

काडतुसांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. परदेशी .२२ चा साठा संघटनेमार्फत आयात होतो आणि नेमबाजांना वाटला जातो. ज्यांना आपल्या बॅरलला जुळणारा लॉट हवा, ते ईली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर रायफल किंवा बॅरल नेऊन लॉट निवडतात. निवड झाली म्हणजे खरेदी झाली असे नाही. कंपनी तो लॉट तुमच्यासाठी बाजूला किती दिवस ठेवेल हे लेखी घ्या, कारण आयात परवानगी येईपर्यंत तो विकला जाण्याचा संभव असतो.

आता म्युनिक. भारतातून स्वतःची परवानाधारक रायफल घेऊन स्पर्धेला जाताना कलम १० ची सवलत तुमच्या बाजूने आहे, कारण परवाना आणि प्रवासी एकच आहेत. तरी तिच्यावर एकट्यावर विसंबू नका. जर्मनीत शस्त्र नेण्याची परवानगी तिथल्या आयोजकांमार्फत होते. त्यासाठी मेक, मॉडेल, कॅलिबर, सीरियल नंबर आणि काडतुसांची संख्या संघटना अगोदर मागवते. तिथे एक अंक चुकला तर रायफल विमानतळावरच राहते. जादा बॅरल नेत असाल तर तिचा नंबर वेगळ्या ओळीत द्या.

तिकीट काढताना विमान कुठे बदलते ते शस्त्राच्या नजरेने पाहा. थेट विमान महाग वाटले तरी बहुतेक वेळा तेच स्वस्त पडते. मध्ये थांबा असेल तर दोन गोष्टी विचारा: बॅग शेवटपर्यंत टॅग होते का, आणि त्या देशाची पारगमन परवानगी लागते का. एकाच तिकिटावर दोन विमान कंपन्या असतील तर दोघींची लेखी मंजुरी घ्या. पहिल्या कंपनीने घेतलेली पेटी दुसरीने नाकारली तर तुम्ही ज्या देशात उभे असता तिथे त्या क्षणी तुमच्याकडे परवाना नसतो.

मुंबईहून निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यावर रायफल, जादा बॅरल, दुसरा बोल्ट, सगळ्यांचे नंबर यायला हवेत. अधिकारी पेटी उघडून नंबर पडताळतो, म्हणून वेळेच्या किमान चार तास आधी पोहोचा. पेटीत वरच्या बाजूला परवान्याची साक्षांकित प्रत, निमंत्रण आणि नंबरांचा तक्ता ठेवा, बोल्ट काढून ठेवा, चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घाला. हे सर्टिफिकेट नसेल तर परत येताना तीच रायफल 'नवी आयात' ठरवून अडवली जाते. परतताना रेड चॅनलनेच (कस्टम्सला वस्तू जाहीर करायच्या वाटेने) या, बरोबर काही नवे नसले तरी.

काडतुसे वेगळ्या पेटीत. विमान वाहतुकीच्या नियमांत एका प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी एकूण ५ किलो, वेष्टनासह, तेही १.४एस या कमी धोक्याच्या स्फोटक वर्गातली. दोघांचे ५-५ किलो एका पेटीत एकत्र करता येत नाहीत. .२२ च्या ५० गोळ्यांची डबी १७०-१८० ग्रॅम भरते, म्हणजे मजबूत पेटीचे वजन धरून साधारण १,२०० पर्यंत बसतात. थ्री पोझिशनची ६० गोळ्यांची फेरी, सायटर (नेम जुळवायच्या गोळ्या) आणि दोन दिवसांचा सराव याला ते पुरून उरतात. शॉटगनवाल्यांना मात्र हे गणित पुरत नाही. २४ ग्रॅम छऱ्यांचे १२ बोअरचे काडतूस पस्तीस ग्रॅमच्या आसपास भरते, ५ किलोत जेमतेम सव्वाशे. ट्रॅपच्या १२५ लक्ष्यांना प्रत्येकी दोन गोळ्या धरल्या तर जेमतेम निम्मे होतात. म्हणून ते स्पर्धेच्या ठिकाणीच काडतुसे घेतात आणि उरलेली तिथेच सोडतात. उरलेली बॅगेत टाकून आणणे हीच नेहमीची चूक. जर्मनीतून बाहेर पडताना युरोपीय नियमात तात्पुरत्या प्रवेशावर आलेल्या शस्त्राला साधी वाट आहे, पण शस्त्राची मालकी बदललेली नसावी. स्पर्धेत कुणी तुमचा जुना ट्रिगर चांगल्या किमतीला मागितला तरी तिथे विकू नका. गेला तो भाग तक्त्यात लिहिलेला आहे, आणि परतीच्या तपासणीत तो दिसला पाहिजे.

फाउंड्रीचा प्रश्न तिन्हींत सर्वांत गंभीर आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या भट्टीत दर आठवड्याला पंपाची, गिअरबॉक्सची कास्टिंग निघतात. त्यांच्यासाठी हे आणखी एक हाउसिंग असते. चौकशीच्या पत्रात 'लोअर हाउसिंग, १७-४ स्टेनलेस, इन्व्हेस्टमेंट कास्ट' एवढेच असते, बंदुकीचे नाव कुठेच नसते. ड्रॉइंग उघडले की खरे कळते: मॅगझिन घुसायची आयताकृती खोबण, ट्रिगर पिनची दोन समांतर भोके, कोपऱ्यात निर्यात नियंत्रणाचा मजकूर. 'आम्ही मशीनिंग करत नाही, कच्चे कास्टिंग देतो' हा बचाव टिकत नाही. वासेनार यादीत आणि आपल्या स्कोमेट (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या) यादीच्या वर्ग ६ मध्ये खास शस्त्रांसाठीची कास्टिंग, फोर्जिंग आणि अपुरे तयार भाग वेगळ्या नोंदीने नियंत्रित आहेत. भौमितिक आकारावरून तो भाग ओळखू येतो, ही कसोटी अमेरिकेच्या नियमातही आहे.

आधी भारतात तो भाग बनवण्याचाच परवाना हवा. शस्त्राचा भाग बनवणे म्हणजे शस्त्र बनवणे, त्यासाठी शस्त्र अधिनियमाचा उत्पादन परवाना गृह मंत्रालयाकडून. नुसती उद्यम नोंदणी आणि आयात-निर्यातीचा आयईसी कोड पुरत नाही. मग निर्यातीला वर्ग ६ चे अधिकारपत्र, ते संरक्षण उत्पादन विभागाकडून. त्यासाठी खरेदी आदेश, तांत्रिक तपशील आणि अंतिम वापरकर्त्याचे मूळ प्रमाणपत्र लागते. मध्यस्थ व्यापाऱ्याचे प्रमाणपत्र चालत नाही, कास्टिंग शेवटी कोणाच्या हातात जाणार ते नाव हवे. अमेरिकेत रिसीव्हर हीच कायद्याने बंदूक आहे. म्हणून खरेदीदार तिथला नोंदणीकृत आयातदार असावा आणि त्याच्याकडे एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या खात्याचा मंजूर 'फॉर्म ६', म्हणजे आयात परवाना, असावा. तिथे ऑगस्ट २०२२ पासून अर्धवट तयार रिसीव्हरही नियमाखाली आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायम ठेवला. '८० टक्के तयार आहे, त्याला काही लागत नाही' असे कुणी ईमेलमध्ये लिहिले तर त्या ग्राहकाशी बोलणेच थांबवा.

ड्रॉइंगबद्दल फाउंड्रीला आजच सांगा. थ्रीडी फाइल ईमेलने येणे हीसुद्धा अमेरिकेच्या नजरेत तंत्रज्ञानाची निर्यात आहे. पाठवणाऱ्याकडे त्यासाठी परवाना आहे का, हे लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत फाइल पॅटर्नवाल्याकडे पुढे पाठवू नका. पॅटर्न, डाय आणि फिक्श्चर यांचाही प्रश्न आहे, कारण आपल्या व्याख्येत शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्री येते. त्याबद्दल परवाना देणाऱ्या खात्याकडून लेखी खुलासा घ्यावा. पुढे काम मिळालेच तर सगळा पत्रव्यवहार किमान ५ वर्षे जपून ठेवायचा, दोन्हीकडचे नियम तेवढी मुदत मागतात.

वर्गक्रमांक प्रत्येक वेळी ताजा तपासा. अमेरिकेने मे २०२४ मध्ये बंदुकांच्या निर्यातीचे नियम कडक केले होते, ते २०२५ मध्ये मागे घेतले. जुन्या ईमेलमधला क्रमांक आजच्या अर्जात चिकटवला तर तो अर्ज चुकीच्या खान्यात पडतो.

शेवटी एअर रायफलबद्दल, कारण तुमच्या क्लबातली दहा मीटरची मुले हेच विचारतील. हवेवर चालणारे शस्त्र युरोपीय नियमाच्या 'फायरआर्म'मध्ये नाही, कारण त्यात जळणारे प्रणोदक नाही. अमेरिकेतही ती सर्वसामान्य वस्तूंच्या खालच्या गटात आहे. भारतात ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलची मर्यादा पाळणाऱ्या एअर वेपनला बाळगायचा परवाना लागत नाही, आणि जर्मन मॅच रायफली ७.५ ज्यूलच्या आसपास असतात. पण बाळगायला परवाना नको म्हणजे आयात मोकळी असे नव्हे. शीर्षक ९३०४ चे आयात धोरण वेगळे पाहावेच लागते. विमानात अडते ते सिलिंडरमुळे. २०० बारचा सिलिंडर भरलेला चालत नाही. तो रायफलपासून काढा, पूर्ण रिकामा करा, आणि तो रिकामा आहे हे काउंटरवर डोळ्यांनी दिसेल असा ठेवा. त्यावर छापलेली तारीखही पाहा. जर्मन मॅच सिलिंडरचे आयुष्य साधारण १० वर्षे धरतात, आणि मुदत संपलेल्या सिलिंडरची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूवरच टाकली आहे. भरायचे अडॅप्टर हँडबॅगेत नको, रायफलच्या पेटीतच ठेवा. रेंजवरच्या कॉम्प्रेसरला दुसऱ्या कंपनीचे अडॅप्टर बसेलच असे नाही.